‘चरितार्थ’ आणि स्वाधीन जीवन

हिंदीतून मराठीत भाषांतर करावयाच्या एका प्रश्नपत्रिकेत प्रस्तुत लेखकाने एकदा एक सोपे वाक्य घातले होते : ‘उन्होंने अपने विचारों को जीवन में चरितार्थ किया।’ त्यांनी आपले विचार प्रत्यक्ष आयुष्यात आचरून दाखविले, असे उत्तर अपेक्षित होते. नोएडाहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने लिहिले : ‘त्यांनी आपल्या विचारांवर आयुष्यभर चरितार्थ चालविला.’ भाषांतर चुकले होते यात शंका नाही. हिंदीत ‘चरितार्थ होना’ म्हणजे खरे ठरणे, कृतीत उतरणे. मराठीत चरितार्थ म्हणजे उपजीविका, पोटापाण्याची सोय. उत्तराला शून्य गुण देऊन पुढे जावयाचे, तो हात थबकला. कारण ज्या माणसांनी आपले विचार कृतीत उतरविले, त्यांनी आपल्या उपजीविकेचे काय केले, हा प्रश्न त्या चुकीच्या वाक्यातून नकळत पुढे आला होता. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचा एक प्राथमिक विचार आहे.

प्रथम शब्दाविषयी. संस्कृतात ‘चरितार्थ’ हे विशेषण आहे. ज्याचा अर्थ, म्हणजे हेतू, साधला गेला आहे तो चरितार्थ. हिंदीने हा अर्थ जवळजवळ जसाच्या तसा राखला. मराठीत तो शब्द नाम झाला आणि अन्नवस्त्राच्या व्यवहारात उतरला. ‘चरितार्थ चालविणे’, ‘चरितार्थाचे साधन’ हे प्रयोग मराठी वाचकास इतके परिचित आहेत की मूळचा संस्कृत अर्थ सांगितल्यास त्याला तो नवाच वाटतो. शब्दातील ‘अर्थ’ या घटकाचा हेतू हा अर्थ मागे पडून द्रव्य हा अर्थ पुढे आला असावा, असा आमचा तर्क आहे. तो केवळ तर्क म्हणूनच येथे मांडतो. एकाच शब्दाच्या दोन भाषांतील या दोन वाटांमधून आधुनिक भारतीय गद्यातील एक मोठा विषय, व्यक्तीने स्वतःच्या तत्त्वाने जगावे कसे हा विषय, दोन बाजूंनी पाहता येतो.

नोएडात राहून हा विषय सुचावा यात नवल नाही. ही वसाहतच मुळी चरितार्थाच्या मराठी अर्थातून जन्मास आली. उत्तर प्रदेश औद्योगिक क्षेत्र विकास अधिनियम, १९७६ या कायद्यान्वये त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट अथॉरिटी’ स्थापन झाली आणि त्या प्राधिकरणाच्या आद्याक्षरांचेच गावाला नाव पडले. निठारी, हरौला, अट्टा ही मूळ गावे सेक्टरांच्या आकड्यांमध्ये कशीबशी तग धरून आहेत. पुण्याहून, नागपुराहून, संभाजीनगराहून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे येथील उंच इमारतींतून विखुरलेली आहेत. त्यांच्याशी बोलताना एक वाक्य वारंवार ऐकू येते : घराचे हप्ते संपले की मग मनासारखे जगू. म्हणजे आधी मराठी चरितार्थ, नंतर सवडीने हिंदी. या क्रमात काही वावगे आहे असे आम्ही म्हणत नाही. आमचेही हप्ते चालूच होते. परंतु आधुनिक मराठी विचारगद्याचा जो पाया आहे तो हा क्रम उलटविणाऱ्या माणसांनी घातलेला आहे, ही गोष्ट अभ्यासकाने नजरेआड करू नये.

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांचा व्यक्तिस्वातंत्र्यवाद हा विषय मराठीच्या प्रत्येक वर्गात शिकविला जातो. मिल्ल आणि स्पेन्सर यांचा प्रभाव, बुद्धिप्रामाण्य, स्त्रीशिक्षण आणि संमतिवयाचा पुरस्कार, ‘केसरी’तून बाहेर पडणे, १८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ काढणे : एवढी यादी विद्यार्थी पाठ म्हणून दाखवितात. मात्र या विचारांचा आर्थिक पाया कोणता होता हे सहसा विचारले जात नाही. आगरकरांचा जन्म कऱ्हाडजवळील टेंभू गावी, गरीब घरात झाला. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे फिरावे लागले. डेक्कन कॉलेजात असताना अंगात घालावयास एकच सदरा होता आणि तो रात्री धुऊन सकाळी घालावा लागे, अशी आठवण सांगितली जाते. अशा मुलाने एम. ए. व्हावे आणि मोठ्या पगाराची सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळात केवळ महत्त्वाकांक्षा नव्हती. ते घराचे कर्जच होते. त्याच सुमारास त्यांनी आईला पत्र लिहिले. मुलाला आता मोठा हुद्दा मिळेल, आपले दिवस पालटतील अशी आशा आईने धरू नये. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण आपला सर्व वेळ परहितात घालविणार आहोत, असा त्या पत्राचा आशय आहे.

या पत्राला त्यागाचा आदर्श म्हणून फार गौरविण्यात आले आहे. आमच्या मते त्याचे महत्त्व निराळे आहे. ते पत्र म्हणजे एक हिशेब आहे. पुढील आयुष्यात जे बोलावयाचे आहे ते बोलता यावे यासाठी आपल्या गरजांची मर्यादा किती खाली ठेवावी लागेल, हे पंचविशीच्या आत-बाहेरच्या एका तरुणाने आधीच मोजून ठेवले आणि ज्या व्यक्तीला त्या मोजमापाची झळ सर्वांत जास्त लागणार होती तिला ते स्पष्टपणे कळविले. मत आधी बनले आणि गरिबी नंतर पत्करावी लागली, असे येथे झालेले नाही. गरजा आधी आखल्या गेल्या. मते त्या आखलेल्या जागेत मोकळेपणाने वाढली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीही सरकारी शिक्षकाची नोकरी सोडूनच १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. परंतु चिपळूणकरांच्या निर्णयात परकी सत्तेच्या चाकरीचा तिटकारा हा भाग मोठा होता. आगरकरांना पुढे स्वकीयांशीही तितकाच विरोध करावयाचा होता, आणि स्वकीयांपासून स्वतंत्र राहणे हे सरकारपासून स्वतंत्र राहण्यापेक्षा अवघड असते. सरकारने १८८२ मध्ये त्यांना व टिळकांना कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात घातले, तेव्हा लोकांनी त्यांचा जयजयकार केला. त्याच पुण्यात पुढे त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली.

येथे एक अडचणीची बाब नमूद करणे अवश्य आहे, कारण गौरवग्रंथांतून ती बहुधा आवरती घेतली जाते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी किती वेतन घ्यावे, संस्थेबाहेर काम करून मिळकत करावी की नाही, या प्रश्नांवर टिळक आणि आगरकर यांच्यात तीव्र मतभेद झाले. टिळकांचा आग्रह असा, की सदस्यांनी निर्वाहापुरते घ्यावे आणि संस्थेखेरीज दुसरे काम अंगावर घेऊ नये. आगरकर वेतन वाढावे या बाजूचे होते. १८९० च्या अखेरीस टिळक सोसायटीतून बाहेर पडले, त्यामागील कारणांत हे एक प्रमुख कारण होते. आता, ज्याने आईला तसे पत्र लिहिले त्यानेच वेतनवाढ मागावी, यात विसंगती दिसेल. टिळकपक्षीयांना ती दिसलीच. परंतु तोपर्यंत आगरकरांना संसार होता, मुलेबाळे होती आणि दमा होता. एकट्या तरुणाने आखलेली गरजांची रेषा कुटुंबवत्सल माणसाला पुरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तत्त्व बदलले नव्हते. त्या तत्त्वावर जेवणारी तोंडे वाढली होती. आणि एक विचार असा, की व्यक्तीच्या सुखाला स्वतंत्र मूल्य आहे असे मानणाऱ्या आगरकरांना दारिद्र्य हे स्वतःच एक व्रत म्हणून कधीच मान्य नव्हते. दारिद्र्य त्यांनी साधन म्हणून पत्करले. साधन निरुपयोगी होऊ लागताच त्यांनी ते बदलण्याची मागणी केली. संन्यासी आणि स्वाधीन गृहस्थ यांच्यातील भेद येथे जितका स्वच्छ दिसतो तितका त्यांच्या निबंधांतही दिसत नाही.

त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या होत्या. देवधर्म, सोवळेओवळे त्या पाळीत आणि आगरकरांनी त्यांना त्यात अडविले नाही. व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता स्वतःच्या घरात कसा वागला याचे हे उत्तर समाधानकारक आहे. मात्र त्या स्वातंत्र्याच्या किमतीपैकी किती हिस्सा यशोदाबाईंनी दिला, हा हिशेब मराठी समीक्षेने अद्याप नीट मांडलेला नाही. १८९५ मध्ये आगरकर वारले तेव्हा त्यांना चाळिसावे वर्ष लागावयाचे होते. अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे त्यांनी उशाशी बांधून ठेवले होते ही आठवण प्रसिद्ध आहे, आणि ती ऐकून श्रोते हळहळतात. पुढच्या महिन्याचे घरभाडे कोठून आले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

मिल्लच्या ज्या ग्रंथाने आगरकरांची पिढी भारली, त्याचे हिंदीतील भाषांतर ‘स्वाधीनता’ या नावाने महावीरप्रसाद द्विवेदी (१८६४–१९३८) यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केले. मराठी आणि हिंदी वाङ्मयेतिहासांनी या दोघांना शेजारी बसविलेले क्वचितच दिसते. वास्तविक साम्य लक्षणीय आहे. द्विवेदी झाशीला रेल्वेच्या सेवेत होते. वरिष्ठ अधिकाऱ्याशी मतभेद होताच १९०४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ‘सरस्वती’चे संपादन त्यांनी १९०३ मध्येच स्वीकारले होते, परंतु त्याचे मानधन रेल्वेच्या पगाराच्या मानाने अगदीच तुटपुंजे होते. त्यानंतर १९२० पर्यंत त्यांनी त्या मासिकाच्या द्वारे हिंदी गद्याला शिस्त लावली. त्यांना मराठी उत्तम येत होते, आणि मराठी नियतकालिकांतील मजकुराचा ते उपयोग करीत. ‘स्वाधीनता’ हा ग्रंथ पुढे नाथूराम प्रेमी यांनी मुंबईहून प्रसिद्ध केला, आणि त्यांच्या हिंदी ग्रंथ रत्नाकर मालेचा आरंभ १९१२ मध्ये त्यानेच झाला. म्हणजे स्वातंत्र्यविषयक हिंदीतील एका आद्य ग्रंथाचा प्रकाशक मराठी मुलखातल्या शहरात होता.

नावाची निवडही विचार करण्याजोगी आहे. द्विवेदींनी ‘स्वतंत्रता’ न म्हणता ‘स्वाधीनता’ म्हटले. स्वतंत्र म्हणजे ज्याचे तंत्र स्वतःचे आहे तो. स्वाधीन म्हणजे जो स्वतःच्या अधीन आहे तो. दुसऱ्या शब्दात अधीनता नाहीशी झालेली नाही, तिचा धनी बदलला आहे. (मराठीत तर ‘पोलिसांच्या स्वाधीन करणे’ असाही प्रयोग रूढ आहे. शब्दांचे दैव मोठे विचित्र!) हेच द्विवेदी १९०८ मध्ये ‘सम्पत्तिशास्त्र’ हा अर्थशास्त्रावरील ग्रंथ लिहितात. एका हाताने मिल्लची स्वाधीनता, दुसऱ्या हाताने संपत्तीचे शास्त्र. चरितार्थाचे दोन्ही अर्थ एकाच मेजावर होते.

र. धों. कर्वे यांच्या बाबतीत क्रम आणखी निराळा झाला. विल्सन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापकपद त्यांना १९२५ मध्ये सोडावे लागले, कारण संततिनियमनाचा प्रचार आणि ते पद ही दोन्ही एकत्र राहणे संस्थाचालकांना मान्य नव्हते. १९२७ च्या जुलैपासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, त्यातील पुष्कळसा मजकूर स्वतः लिहिला, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. आगरकरांनी आधी आखले, कर्व्यांवर वेळ आली; परंतु वेळ आल्यावर जागा निवडणे त्यांच्याच हाती होते. पत्नी मालतीबाई यांनी या कामात त्यांना साथ दिली आणि आपल्याला मूल नको हा निर्णय दोघांनी घेतला. त्या निर्णयामागे विचार होता. आर्थिक पदर त्याला होता की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतो.

या परंपरेतील सर्वांत बारकाईने वाचावयाचे पुस्तक मात्र मूळचे मराठी नाही. दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांनी थोरोच्या ‘वॉल्डन’चे ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ हे मराठी रूप सिद्ध केले. थोरो १८४५ च्या जुलैत तळ्याकाठी राहावयास गेला तो जाणीवपूर्वक जगून पाहावे म्हणून, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्याच्या ग्रंथाचे पहिले आणि सर्वांत दीर्घ प्रकरण निसर्गावर नाही, अर्थव्यवस्थेवर आहे. फळ्या, खिळे, चुना, जुन्या विटा यांचा खर्च तो आण्यापैशांपर्यंत मांडतो. झोपडीची एकूण किंमत २८ डॉलर साडेबारा सेंट. वर्षातून सुमारे सहा आठवडे काम केल्यास आपला निर्वाह चालतो असे त्याने अनुभवांती सांगितले. आगरकरांच्या पत्रात जे तत्त्व आहे त्याचे थोरोने जणू खातेपुस्तक लिहिले. अर्थात त्याची जमीन मित्र एमर्सन याच्या मालकीची होती आणि त्याला आईवडिलांचे घर चालत जाण्याच्या अंतरावर होते, हेही त्या खात्यात टिपावयास हवे. टेंभूच्या मुलाला असा एमर्सन मिळाला नव्हता.

थोरोचे भाषांतर करण्यास दुर्गाबाईंएवढी योग्य व्यक्ती मराठीत दुसरी नव्हती असे म्हणावयास हरकत नाही. तरुणपणी मध्य प्रदेशातील आदिवासींमध्ये संशोधन करीत असता विषबाधा होऊन त्यांना दीर्घ आजारपण सोसावे लागले. त्यातून उठल्यावर त्यांनी आपला अभ्यास पदव्या आणि पदे यांवर अवलंबून ठेवला नाही. अविवाहित राहिल्या. पुण्याच्या गोखले संस्थेतील अल्प काळ सोडल्यास त्यांची विद्वत्ता ग्रंथालयात आणि स्वयंपाकघरात सारख्याच सहजतेने नांदली. ‘ऋतुचक्र’ (१९५६) वाचताना लेखिकेला वेळेची घाई नाही हे प्रत्येक पानावर जाणवते. ही निवांत गती शैलीचा गुण म्हणून नोंदविली जाते. आम्हांस ती एका जीवनपद्धतीची खूण वाटते : वेळ ज्याने विकलेला नाही त्याचेच वाक्य असे चालते. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीविरुद्ध भूमिका घेतली आणि १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. ज्या कऱ्हाडात आगरकर शिकले तेच हे कऱ्हाड, आणि ज्या वर्षी नोएडा स्थापन झाले तेच हे वर्ष. हा योगायोग आहे, त्याहून अधिक काही नाही. परंतु नोएडाच्या एखाद्या बाराव्या मजल्यावर ‘वॉल्डनकाठी’ वाचणाऱ्यास तो आठवल्याशिवाय राहत नाही.

नोएडाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते मराठी गृहस्थ मात्र लेखक नव्हते. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे १९२५ मध्ये एका सुताराच्या घरी जन्मलेले शिल्पकार राम वनजी सुतार यांनी जे. जे. कलाशाळेतून शिक्षण घेतले, १९५४ पासून पुरातत्त्व खात्यात राहून वेरूळ-अजिंठ्याच्या मूर्तींच्या दुरुस्तीचे काम केले, नंतर दिल्लीत माहिती व प्रसारण मंत्रालयात नोकरी धरली, आणि १९५९ मध्ये ती सोडून दिली. गांधीसागर धरणावरील पंचेचाळीस फुटी चंबळदेवी, संसदेच्या आवारातील बैठे गांधी, २०१८ मध्ये उभा राहिलेला १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा ही त्यांची कामे जगजाहीर आहेत. त्यांची कर्मशाळा नोएडात होती. डिसेंबर २०२५ मध्ये शंभरी ओलांडून ते येथेच निवर्तले.

त्यांच्या बाबतीत चरितार्थाचे दोन अर्थ वेगळे करावेच लागत नाहीत, असे प्रथमदर्शनी वाटते. जे हातांना यावे आणि मनाला आवडावे, त्यावरच पोट चालावे. हे भाग्य आगरकर-कर्वे यांना लाभले नाही. सुतारकामाच्या पिढीजात व्यवसायात हा भेद मुळात नसतोच. तरीही सुरक्षित सरकारी पगार सोडण्यास, दिल्लीसारख्या परमुलखात, संसार सांभाळून, धैर्य लागले असणारच. मात्र येथे एक फरक करणे आवश्यक आहे. स्वतंत्र व्यवसाय आणि स्वतंत्र मत या दोन गोष्टी आहेत. भव्य स्मारकशिल्पाला धातू लागतो, जागा लागते, शेकडो कामगार लागतात. ते बहुधा शासनाच्या मागणीशिवाय उभे राहत नाही. नोकरीची बांधिलकी सुटते, मागणीची लागते. कोणाचा पुतळा, किती उंच, कोठे, हे मागणी करणारा ठरवितो. चेहऱ्यावरील भाव, खांद्यांचा उतार, वस्त्राच्या चुण्या शिल्पकार ठरवितो. त्या मर्यादित क्षेत्रात सुतारांची हुकमत निर्विवाद होती, आणि अशी एका क्षेत्रापुरती परिपूर्ण स्वाधीनता ही काही कमी मोलाची वस्तू नव्हे. पण तिच्याने ‘सुधारक’ निघाला नसता. उलट ‘सुधारक’ काढणाऱ्याला स्वतःच्या हातचे असे काही, ज्यावर निश्चिंतपणे जेवावे, कधी सापडले नाही.

विद्यार्थ्याच्या त्या उत्तराला आम्ही अखेर अर्धा गुण दिला. तपासनिसांच्या बैठकीत एका सहकाऱ्याने त्यास रीतसर हरकत घेतली, आणि नियमानुसार ती योग्यच होती. तो अर्धा गुण काढून घेण्यात आला.